गाण्याला चाल पाहिजे, बस्त्याव

बस्त्याव, काल मॉलमध्ये तुझं ते गाणं लागलं.

मी एकटाच चालत होतो. सकाळची वेळ, दुकानांची शटरं अजून खाली, आणि आपली नेहमीची म्हातारी मंडळी, बाहेर थंडी म्हणून, जाकिटं काखेत मारून आतच गोल गोल फिरत होती. छतातल्या स्पीकरातून गाणी गळत होती, बर्फ वितळल्यावर छप्पर गळावं तशी. चपलांच्या दुकानापाशी पोचलो आणि तुझं ते सुरू झालं. धप धप धप धप. मी तिथंच उभा राहिलो. मागून आपले सरदारजी आले. "क्या हुआ भाईसाब, आज अकेले? दोस्त कहाँ है?" त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, "वो गया." त्यांना वाटलं वसईला गेलास. म्हणाले, "अच्छा किया, यहाँ की ठंड में क्या रखा है." म्हटलं, राहू दे. एका माणसाच्या लेखी तरी तू तिकडे उन्हात खुर्ची टाकून बसलेला असशील.

तुझा मुलगा विल्सन म्हणाला, अंकल, पप्पा जाऊन महिना होईल, त्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा झाली, प्रार्थना संपली की त्यांच्यावर दोन शब्द बोला. मी माइकवर बोलत नाही. म्हटलं, लिहून देतो, कुणी तरी वाचा. चौथी शिकलेला माणूस मी, माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं अंगण. पण तू तर तिसरीतच पाटी टाकून ढोल उचललास, तेव्हा तुझ्यापुढे लाजायचं कारण नाही. तुझा जन्म कुठला, तू किती मायाळू, चर्चला किती नेमानं जायचास, हे बाकीचे सांगतील. त्यातलं अर्धं खोटं असेल ते मला माहीत आहे. मला फक्त आपलं भांडण पुरं करायचं आहे. तू मध्येच उठून गेलास.

भांडण तसं जुनं. आपल्या बँडमध्ये मी क्लारनेटवर आणि तू मोठ्या ढोलावर, तेव्हापासूनचं. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झिरमिळ्या, आणि अंगातून घामाच्या धारा. ढोल पोटावर बांधला की माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. बघणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही. म्हणून तू नेहमी पुढच्यांच्या टाचांकडे बघून वाजवायचास. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका विहिरीवर पाण्याला निघायच्या. जाताना ठीक, पण येताना डोक्यावर भरलेल्या घागरी. इकडे मी गाणं रंगात आणलेलं असायचं आणि तू मागून ठोका ढिला सोडायचास. मी मागे वळून डोळे वटारायचो.

"ए, गाणं मेलं की!"

"मरू दे. म्हातारीचा पाय बघ."

मी म्हणायचो, पायांनी गाण्यामागून यावं. बांधणाऱ्यानं गाणं ज्या चालीत बांधलं त्या चालीत ते वाजलं पाहिजे, कुणाची चप्पल तुटो नाही तर घागर फुटो. तू म्हणायचास, लग्न कुणाचं आहे, गाण्याचं की पोरीचं? एवढ्यावरून आपण लग्नाच्या वरातीतसुद्धा भर वाटेत भांडलोय. नवऱ्याचा मामा येऊन हात जोडायचा, की बाबांनो, आधी चर्चला पोचवा, मग मारामारी करा.

मग मुलं इकडे परदेशात, या बर्फाच्या मुलखात आली, मागून आपण आलो. तू मिसिसागा शहरात, मी तुझ्यापासून एका बसवर, मुलाच्या बेसमेंटमध्ये. ढोल तिकडेच राहिला. मी क्लारनेट मात्र आणलं, कपड्यांच्या मधोमध गुंडाळून. आपला बँड मोडल्याचं भाच्यानं फोनवर सांगितलं. लाल कोट उंदरांनी खाल्ले म्हणाला, आणि लग्नाला आता ट्रकवर डीजे असतो. मी त्याला विचारलं, डीजे पाण्याला जातो का? तो म्हणाला, मामा, आता पाण्याला कोण जातं? नळ आहे. मी फोन ठेवला.

आणि इकडे ही गाणी. बसमध्ये, ग्रोसरीत, दाताच्या डॉक्टरकडे, वॉशरूममध्येसुद्धा. माणसाला निवांत मुतायची सोय ठेवली नाही. हॉलमध्ये आपल्या लोकांचे कार्यक्रम होतात, त्यात तरी काय वेगळं? हिंदी गाण्यांनी तरी काय दिवे लावले? तीही आता असलीच, मध्येच कुणी तरी इंग्रजीत शिव्या दिल्यासारखं बोलून जातो. मी बोलून बोलून थकलो. पोरं म्हणतात, अंकलना सगळंच जुनं आवडतं. तसं नाही रे. जुन्यातही भिकार गाणी होतीच, आपण वाजवली आहेत, तुला माहीत आहे. पण चांगल्या गाण्याला घराची ठेवण असायची. मुखडा म्हणजे दार, मग वाद्यांचा तुकडा, मग अंतरा जिन्यानं वर चढायचा, आणि वरून उतरलो की पुन्हा दारात. आणि त्यात श्वास घ्यायला जागा असायची. मुद्दाम ठेवलेली, कारण गाणाऱ्याला छाती होती आणि ती रिकामी व्हायची. क्लारनेटवाल्याला हे दुसऱ्यानं सांगावं लागत नाही. जिथं गाणारी बाई श्वास घ्यायची तिथंच मी घ्यायचो.

तुझ्या त्या गाण्यात श्वासच नाही. ती पोरगी मशीनमधून बोलते, दुधाच्या रिकाम्या डब्यात तोंड घातल्यासारखी. एकच ओळ, वर जात नाही, खाली येत नाही, उंबऱ्यावर अडकलेल्या बकरीसारखी तिथंच. आणि खाली धप धप. मी तुला म्हटलं होतं, ज्याला श्वास लागत नाही ते एक तर मशीन किंवा मढं. तू त्यावर खो खो हसलास. आता ते आठवलं की बरं वाटत नाही.

मी तेव्हा म्हणायचो, या गाण्यांना चाल नाही. माझं ते ठरलेलं वाक्य होतं. तुझी नात जेनिस, तिला मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत, तिनं एकदा विचारलं, "चाल मीन्स वॉकिंग, राइट?" मी म्हटलं, गाण्याच्या सुरावटीलाही चाल आणि माणसाच्या चालण्यालाही चाल, शब्द एकच. ती म्हणाली, "दॅट्स सो कन्फ्युजिंग." तू खुर्चीतून म्हणालास, "कन्फ्युजिंग काय त्यात? याला एकच अर्थ येतो, मला एकच येतो. म्हणून तर जमतं आमचं."

मग तुझा तो आजार आला. आधी हात कापायचे. डॉक्टरनं पार्किन्सन सांगितलं आणि तू म्हणालास, ढोलवाल्याचा हात आहे, आराम माहीत नाही त्याला. पण नंतर पाय गेले. गेले म्हणजे लुळे नाही पडले. चालता चालता जमिनीला चिकटायचे. दार आलं की हमखास. अख्ख्या गावाच्या पायांना ज्यानं चाल दिली त्या माणसाचे पाय उंबऱ्यावर थांबायचे. मी हे देवाला विचारलेलं आहे.

त्या दिवशी मॉलमध्ये वॉशरूमच्या दारात तू असाच चिकटलास. मागे चारपाच माणसं खोळंबली. मी तुझा दंड धरून ओढायला लागलो.

"ओढू नको, पडेन."

"मग काय करू?"

"काही करू नको. येतील पाय."

येईनात. कुणी तरी "सॉरी, सॉरी" म्हणत बाजूनं गेलं. इथं लोक आपण अडवलं तरी तेच सॉरी म्हणतात. आणि तेवढ्यात छतातून ते सुरू झालं. धप धप धप धप. तुझा उजवा पाय उचलला. मग डावा. मग तू निघालासच. चपलांचं दुकान, चष्म्यांचं दुकान, सगळं मागे टाकून थेट फूड कोर्टापर्यंत, मान ताठ, जशी चर्चच्या दारात वरात पोचवायची आहे. तुझी काठी माझ्याकडेच राहिली. ती घेऊन मी मागून धावलो. या वयात, ढोलवाल्याच्या मागून क्लारनेटवाला.

तू खुर्चीत बसलास, घाम पुसलास. "एक डबल-डबल आण." मी दूधसाखरेची ती कॉफी आणली. तू घोट घेतलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास,

"याला चाल आहे, इनास."

"चाल? खिळे ठोकतात तसं वाजतंय ते."

"मी चाललो की नाही?"

"चाललास."

"मग?"

मी कॉफी पीत राहिलो.

जेनिसनं ते गाणं शोधून काढलं आणि तुझ्या कानात इयरफोनची बोंडं घातली. फिजिओवाल्या बाईलाही ते पसंत पडलं. तू घरभर धप धप करत फिरायला लागलास. मोनू वहिनी म्हणाल्या, म्हातारपणी माझा नवरा डिस्कोला निघाला. सगळे खूश. मीही खूश, नाही कशाला म्हणू, तू वॉशरूमला एकटा जायला लागलास यापेक्षा मोठं काय असतं. पण ते गाणं मला सलायचं. इतक्या वर्षांत आपण जे वाजवलं त्यातलं एकही तुझ्या पायांना ओळखीचं वाटू नये? म्हणून मी क्लारनेट काढलं. नवी पत्ती लावली. कवळीला चिकट मलम लावून ती पक्की बसवली, आणि बस पकडून तुझ्याकडे आलो.

तुमच्या बेसमेंटमध्ये तू वॉकर धरून उभा. कानातली बोंडं मी काढायला लावली. म्हटलं, आता ऐक आणि नीघ. आणि नवरी घरातून निघायची तेव्हाची चाल मी घेतली. तीच, जी सुरू झाली की आतून रडण्याचा आवाज यायचा आणि तू ढोलावरचा हात हलका करायचास. फुंक पूर्वीची राहिली नाही, वरचा सूर थोडा फाटला, पण अंतरा मी चढलो आणि उतरलो. वहिनी डाव हातात घेऊन जिन्यात येऊन थांबल्या. जेनिस फोन बाजूला ठेवून बसली. तू डोळे मिटलेले. वॉकरवर तुझी बोटं कापत होती की ठोका धरत होती, ते मला कळलं नाही. आणि पाय? पाय जागचे हलले नाहीत.

गाणं संपलं. मी म्हटलं, "अरे, चाल ना!"

तू डोळे उघडलेस. "तू वाजवत होतास तर चालू कसा? ऐकत होतो." आणि मग म्हणालास, "जुनं लागलं की मी थांबतो, इनास. ऐकावंसं वाटतं. त्या नव्यात ऐकण्यासारखं काही नसतं, म्हणून चालतो."

मी क्लारनेटचे तुकडे पेटीत भरले. वहिनींनी बांगड्याचं कालवण केलं होतं, जेवायला न थांबता निघालो. मागून तू ओरडत होतास, "अरे तुझीच बाजू घेतली मी! रागावला बघा!" ते वाक्य मी बसमध्ये घोळवत होतो, नंतरही घोळवत राहिलो. माझी बाजू घेतलीस की तुझीच, की दोन्हीकडून माझी टर उडवलीस? आणि मुळात ते गाणं तुला आवडायचं की नुसतं उपयोगी पडायचं? विचारीन विचारीन म्हणत होतो. तोंडावर आलेलं, पण विचारलं तर तुला वाटलं असतं मी हरलो. त्यामुळे राहिलं.

हॉस्पिटलात तू बारीक झालास. आवाजही बारीक. मी खुर्ची जवळ ओढली तेव्हा म्हणालास, "मला नेताना वाजव."

"वाजवीन. ते काय सांगायला पाहिजे?"

"आपलं नाही. माझं."

"कुठलं माझं?"

तू उशीवर बोट आपटलंस. टक टक टक टक.

"ते वाजत नाही," मी म्हटलं. "त्यात आहे काय वाजवायला? एक सूर. एका सुरासाठी क्लारनेट कशाला, कुकरची शिट्टी चालेल."

"मग कुकर आण," म्हणालास. हसताना तुला खोकला आला आणि नर्सनं मला बाहेर काढलं. मी हो म्हटलं नाही. मरणाऱ्याला खोटं हो म्हणायची पद्धत आहे, पण तुझ्याशी मी असं कधी वागलो नाही आणि त्या दिवशीही वागलो नाही.

तुझ्या मातीच्या दिवशी काय झालं ते तू पेटीच्या आतून पाहिलं नसशील, म्हणून सांगतो. फेब्रुवारीची थंडी. फादर म्हणाले, वाजवा, पण चर्चच्या बाहेर. मी दाराशी उभा, क्लारनेट कोटाच्या आत छातीशी धरून, गारठ्यानं लाकडाला चीर जाऊ नये म्हणून. मिस्सा संपली. इथं पेटीला चाकांची गाडी असते, पण बाहेर बर्फ, पायऱ्या, म्हणून ती हातांनी उचलून न्यायची होती. विल्सन, त्याचा भाऊ, तुझे नातू, पुतणे. चांगली धिप्पाड पोरं, पण एकत्र चालायची सवय कुणाला आहे? एक उंच, एक बुटका, दोघांच्या पायात कडक नवे बूट. मी आपली ती मातीची जुनी चाल घेतली, आपण तिकडे प्रत्येकाला त्यावरच पोचवलं ती.

पोरं निघाली आणि अडखळली. एकाचा डावा, दुसऱ्याचा उजवा. पेटी हेलकावली. बायकांतून आवाज आला. काळ्या कोटातला फ्युनरल होमचा माणूस म्हणाला, "टेक युवर टाइम, जंटलमेन." पण ते दाराच्या उंबऱ्यावरच थांबले होते. बर्फाकडे बघत, पाय उचलेनात. मी वाजवत होतो आणि ते ऐकत उभे होते. तेव्हा मला तू दिसलास, वॉशरूमच्या दारात.

जेनिस तुझा फोटो घेऊन पुढे उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. "आजोबा," ती म्हणाली, मला, "ही वुड नॉट मूव्ह टू दॅट."

ओठ बधिर झाले होते. जुनं गाणं तसंही फाटत होतं. मी श्वास घेतला आणि तो एक सूर धरला, तुकड्या तुकड्यानं. धप धप धप धप, जमेल तितकं. त्यांच्या टाचांकडे बघून वाजवत होतो. जन्मात पहिल्यांदा. बुटक्याचा पाय मागे पडला तेव्हा मी ठोका ढिला केला. विल्सन घाई करायला लागला तेव्हा त्यालाही ठोक्यानं आवरलं. पायऱ्या उतरले, मीठ टाकलेल्या बर्फावरून गेले, एकदाही अडखळले नाहीत, पेटी पाण्याच्या घागरीसारखी हलकेच तरंगत गेली. पोरापोरींनी गाणं ओळखलं. कुणी रडता रडता हसलं. तुझी वरात मशीनच्या गाण्यावर निघाली आणि ते वाजवणारा मी, आपल्या वसईच्या बँडचा क्लारनेटवाला. वरून बघून मिशीत हसला असशील.

पेटी आत गेली, गाडीचं दार लागलं. आता कुणाला चालायचं नव्हतं. म्हणून मग मी आपलं घेतलं, पुरतं, मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा. पार्किंगमध्ये लोक किल्ल्या हातात धरून उभे राहिले. कुणी गाडीचं दार उघडलं नाही. त्यांच्यातल्या अर्ध्यांना ते कुठलं हे माहीत नसेल. गाडीसुद्धा गाणं संपेपर्यंत हलली नाही, आणि मग तो काळ्या कोटातला माणूस पुढे येऊन मला थँक्यू म्हणाला.

यावरून तू जिंकलास असं समजू नको. ते गाणं भिकारच आहे. मी ते दाताच्या डॉक्टरकडे ऐकलं तरी माझं डोकं उठेल. त्याला अंतरा नाही, श्वास नाही, बांधणाऱ्याला लाज नाही. चाल आहे, एवढं म्हणतो. तुझ्या अर्थानं.

पण काल मॉलमध्ये ते लागलं, आणि मी चाललो नाही, बस्त्याव. थांबलो. सरदारजी गेले, म्हाताऱ्यांची एक फेरी माझ्या बाजूनं निघून गेली, आणि मी चपलांच्या दुकानापुढे उभा राहून ते शेवटपर्यंत ऐकलं.